नावडती विमानं

श्रावणातल्या कहाण्यांमध्ये एक राजा असतो आणि त्याला दोन राण्या असतात. एक आवडती, एक नावडती. आवडती महालात राहते. नावडतीच्या वाट्याला शिळंपाकं आणि गोठ्यातली जागा. लहानपणी आमच्या शेजारच्या काकू या कहाण्या मोठ्याने वाचायच्या आणि आम्ही गल्लीतली सगळी पोरं, कोण कोणत्या घरातलं याचा विचार न करता, त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचो. माझं लक्ष कायम नावडतीकडे असायचं. आवडतीच्या आयुष्यात तसं काही घडतच नाही. कहाणी पुढे नेते ती नावडती.

आज मी अशाच काही नावडत्यांविषयी बोलणार आहे. पण त्या राण्या नाहीत, विमानं आहेत. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. जळगावला बी.ए. करत असताना एका रद्दीच्या दुकानात मला विमानं ओळखण्याचं एक युद्धकाळातलं पुस्तक मिळालं. विमानविरोधी तोफांवरच्या सैनिकांसाठी अशी पुस्तकं छापली जात. प्रत्येक विमानाच्या तीन काळ्या सावल्या: समोरून, बाजूने आणि खालून. आकाशात ठिपका दिसला की आपला की परका हे क्षणात ठरवायचं, त्यासाठी ही सोय. मी ते पुस्तक कवितेच्या पुस्तकासारखं वाचलं. स्पिटफायरची सावली कोणालाही आवडेल अशीच होती. पण मी थांबायचो ते बेढब सावल्यांपाशी. हे असं का बांधलं असेल? यात बसून कोण गेलं असेल?

आम्हा जामनेरकरांना हे प्रेम फार समजावून सांगावं लागत नाही. पाचोरा-जामनेर ही आमची अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत, छप्पन्न किलोमीटर जायला तिला किती वेळ लागे ते विचारू नका. २०२० साली ती थांबली तेव्हा तिला नावं ठेवण्यात ज्यांची हयात गेली होती, तेच जास्त हळहळले. दोष माहीत असूनही जीव लागतो. कधी कधी दोष माहीत असल्यामुळेच लागतो.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, “नव्या घड्याळात कंपनी दिसते, बिघडलेल्या घड्याळात कारागीर दिसतो.” विमानांच्या बाबतीत मला हे पुरेपूर पटलं. उत्तम विमान स्वतःच्या नावावर इतिहासात जातं. सदोष विमानाला जे काही नाव मिळतं, ते त्यात बसलेल्या आणि त्याच्याखाली पाने घेऊन झोपलेल्या माणसांमुळे. म्हणून असं विमान विसरलं गेलं की त्याच्याबरोबर माणसंही विसरली जातात. आणि आपल्या हवाई दलाची सुरुवातीची जवळजवळ सगळी कथा अशाच विमानांची आहे.

ही कथा १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ द्रिघ रोड इथे सुरू होते. हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी त्या दिवशी उभी राहिली. तिच्यापाशी चार विमानं होती, ‘वेस्टलँड वापिती’ नावाची. वापिती म्हणजे अमेरिकेतलं एक मोठं हरीण. या हरणाला दोन मजली पंख होते, बसायची जागा उघडी होती आणि अंगात जुन्या विमानाचे भाग होते. पहिल्या महायुद्धातल्या डीएच नाइन-ए या विमानाच्या सुट्या भागांचा मोठा साठा ब्रिटिशांकडे शिल्लक होता. तो वापरता यावा ही नव्या विमानाची अटच होती. म्हणजे वडिलांचा कोट उसवून मुलाला शिवावा, तसा हा प्रकार. या विमानांबरोबर मूठभर हिंदी अधिकारी होते आणि एकोणीस तंत्रज्ञ. त्या तंत्रज्ञांच्या हुद्द्याचं नाव होतं ‘हवाई सिपाही’. मला हा शब्द फार आवडतो. फौजेतला साधा शिपाई, त्याच्यामागे फक्त ‘हवाई’ लागलं आणि त्याच्या हातात बंदुकीऐवजी पाना आला.

पुढे वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात ही विमानं टोळ्यांविरुद्ध वापरली गेली. साम्राज्याचं काम ते साम्राज्याचंच काम. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण डोंगराळ मुलखात, जुन्या इंजिनावर भरवसा ठेवून उडण्याचं शिक्षण या मुलांना तिथेच मिळालं.

वापितीनंतर आलं लायसँडर. स्पार्टाच्या एका सेनापतीचं नाव, पण रूप मात्र नाकतोड्याचं. पंख डोक्यावर, पाय खाली पसरलेले, चाकांवर मोठाले बूट. हे विमान सैन्याला मदत करण्यासाठी होतं: टेहळणी करायची, तोफांना नेम सांगायचा, निरोप पोचवायचे. एखाद्या शेताएवढ्या जागेत ते उतरे. फक्त ते सावकाश उडे, आणि शत्रूची लढाऊ विमानं सावकाश उडत नसत. १९४० साली फ्रान्स आणि बेल्जियमच्या लढाईत पाठवलेल्या पावणेदोनशे लायसँडरपैकी शंभरावर नष्ट झाली. युरोपात दिवसाढवळ्या आघाडीवर नेण्याच्या लायकीचं ते उरलं नाही. पुढे तिकडे ते रात्री गुपचूप हेर पोचवण्याच्या कामाला लागलं आणि त्या कामात त्याने नाव कमावलं. इकडे हिंदुस्थानात मात्र तेच आमचं आघाडीचं विमान झालं.

१९४१ साली पेशावरमध्ये एक नंबरच्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर मिळाली. ती मुंबई प्रांतात जमलेल्या युद्ध-देणगीच्या निधीतून आलेली होती. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतातच होते. त्यामुळे हा नाकतोडा मला लांबच्या नातेवाइकासारखा वाटतो. युद्धासाठीच्या देणग्या तेव्हा कशा गोळा होत, मामलेदाराच्या एका शब्दाने पाकीट कसं उघडे, हे जुन्या माणसांकडून आपण ऐकलेलं आहे. खुशीचे असोत की नाखुशीचे, पैसे इथल्या माणसांचे होते.

फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला हे स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला पोचलं. त्यांचे प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार, सगळे त्यांना ‘जंबो’ म्हणत. पोचताच जपानी विमानांनी त्या तळावर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी मजुमदारांनी टेहळणीच्या या विमानाला अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब लटकवले आणि सरहद्दीपलीकडे, थायलंडमधल्या मे हाँग सॉन इथल्या जपानी तळावर एकट्याने चढाई केली. सोबतीला ब्रिटिशांची दोन बफेलो विमानं होती. त्याच्या पुढच्या दिवशी सगळं स्क्वाड्रन घेऊन ते पुन्हा गेले. ज्या विमानाने शत्रूला पाहून परत यायचं, त्याने शत्रूला गाठून मारलं.

आता या सोबतीच्या बफेलोचीही गंमत ऐका. आखूड, जाडं, अमेरिकेत बनलेलं हे विमान मलाया आणि सिंगापूरच्या आकाशात जपान्यांपुढे टिकलं नाही. जगातलं सर्वांत वाईट लढाऊ विमान, अशी त्याची ख्याती झाली. पण हीच बफेलो चव्वेचाळीसच्या संख्येने फिनलंडला गेली होती, आणि तिथल्या वैमानिकांनी त्यांच्या जोरावर रशियनांविरुद्ध एवढा पराक्रम गाजवला की फिनलंडमध्ये आजही तिचं कौतुक होतं. हवा वेगळी, शत्रू वेगळा, हात वेगळे. आपल्याकडे म्हण आहे, नावडतीचं मीठ अळणी. मीठ तेच असतं, चव घेणारा बदलतो.

आता मी माझ्या सगळ्यांत लाडक्या नावडतीकडे येतो. तिचं नाव ‘व्हल्टी व्हेंजन्स’. व्हेंजन्स म्हणजे सूड. युद्धाच्या पहिल्या वर्षात जर्मनांच्या स्टुका विमानांनी युरोपात हाहाकार उडवला. घार जशी उंचावरून कोंबडीच्या पिल्लावर झडप घालते, तसं ते सूर मारून बॉम्ब टाके. आपल्याकडेही असं विमान हवं म्हणून फ्रान्सने आणि ब्रिटनने अमेरिकेतल्या व्हल्टी कंपनीकडे मागणी नोंदवली. विमान तयार होईपर्यंत फ्रान्स पडला होता. आणि ब्रिटनच्या आकाशात स्टुकाची दाणादाण उडाल्यामुळे, असली विमानं वेगवान लढाऊ विमानांपुढे टिकत नाहीत हेही कळून चुकलं होतं. म्हणजे नवरी मांडवात आली तेव्हा वऱ्हाड उठून गेलं होतं.

तिच्यात दोषही कमी नव्हते. विमानाचा गुरुत्वमध्य मोजण्यात चूक झाली होती. सगळा पंख नव्याने आखण्याऐवजी मधला भाग मागे वळवून ती निस्तरली, म्हणून त्या पंखाला एक विचित्र मोड आला. माझ्या पुस्तकातली तिची खालून दिसणारी सावली मी लांबूनही ओळखायचो, ती या मोडामुळे. सूर मारताना विमान नाकासमोर सरळ खाली जावं यासाठी पंख धडाला अगदी सपाट बसवलेला होता. त्याचा परिणाम असा, की सरळ उडताना शेपूट खाली आणि नाक वर. जमिनीवर उतरताना वैमानिकाला समोरचं नीट दिसेना. इंजिन तेल प्यायचं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते तापायचं. सुमारे एकोणीसशे विमानं बनली आणि अमेरिकेने स्वतः ती मुख्यतः शिकवणीसाठी आणि नेमबाजीच्या सरावात निशाणं ओढण्यासाठी वापरली.

मग ती पाठवली कुठे? हिंदुस्थानात. १ डिसेंबर १९४२ रोजी हिंदी हवाई दलाची सात आणि आठ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली, ती या व्हेंजन्सवर. डिसेंबर १९४३ मध्ये आठ नंबर आराकानच्या आघाडीवर लढाईत उतरलं. मार्च १९४४ मध्ये सात नंबर आसामात आलं आणि इम्फाळच्या लढाईत सामील झालं. आणि इथे एक नवल घडलं. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी सैनिक झाडांखाली, मातीच्या जाड भिंतींआड, जमिनीत दडून बसत. वरून सरळ जाणाऱ्या विमानाला ते दिसत नसत आणि दिसले तरी नेम लागत नसे. अशा जागी उभ्या रेषेत खाली येणारं विमानच उपयोगाचं. खालच्या फौजेने धुराचा गोळा टाकून खूण करायची आणि व्हेंजन्सने तीन-साडेतीन हजार मीटरवरून नाक खाली करून त्या धुरावर यायचं. आपली फौज जवळच असताना असा बॉम्ब टाकायला हात किती स्थिर लागत असेल! ज्या सपाट पंखामुळे ती उतरताना आंधळी व्हायची, त्याच पंखामुळे सूर मारताना रेषेला पक्की असायची. दोष आणि गुण एकाच खिळ्याला टांगलेले होते.

पुढे १९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलाचं नेतृत्व करणारे एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल हे तरुणपणी याच सात नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये व्हेंजन्समधून लढले होते. तरीही १९४४ च्या मध्यापर्यंत व्हेंजन्स आघाडीवरून हटवली गेली. सात नंबरला हरिकेन मिळाली, आठ नंबरला स्पिटफायर. आवडती महालात आली आणि नावडतीचा विषय संपला.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. नाही तर माझं हे प्रेम नुसतं छंदाचं ठरेल. १९४२ साल हे व्हेंजन्सच्या स्क्वाड्रनचं साल आहे, तसंच ते ‘चले जाव’चंही आहे. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला आपल्या खानदेशात, नंदुरबारला, तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. ज्या सरकारने हे केलं, त्याच सरकारच्या विमानांत आपली मुलं बसली होती. आणि १९४४ मध्ये इम्फाळच्या डोंगरांत जपानी फौजेबरोबर नेताजींची आझाद हिंद सेना होती. म्हणजे वर आकाशात आपले, खाली जंगलातही आपले. विमानाचं नाव ‘सूड’. कोणी कोणाचा सूड घ्यायचा होता?

याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि सोपं उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. नंदुरबारचा हुतात्मा चौक पाहताना माझी मान खाली जाते आणि व्हेंजन्समधल्या वैमानिकाचा फोटो पाहतानाही मला त्याला गद्दार म्हणवत नाही. जपानी फौज आसामच्या दारात होती. कोणी पोटासाठी आलं होतं, कोणी उडण्याच्या वेडापायी, कोणी उद्याच्या स्वतंत्र देशाला हवाई दल लागेल असा हिशेब करून. साहेबाच्या लेखी ते दुय्यम होते, म्हणून विमानं दुय्यम मिळाली. आणि स्वातंत्र्यानंतर ते साहेबाच्या बाजूने लढलेले ठरले, म्हणून त्यांची गाणी झाली नाहीत. दोन्ही दारांतून परत आलेल्या माणसांची कथा कोणीतरी सांगायला हवी.

त्या कथेतलाच आणखी एक धागा. इम्फाळच्या वेढ्यात एक नंबरचं स्क्वाड्रन हरिकेन विमानांवर लढत होतं. हरिकेन हे चांगलं विमान, पण १९४४ मध्ये युरोपात त्याची सद्दी संपत आली होती. त्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते अर्जन सिंग. ब्रह्मदेशाच्या त्याच मोहिमेत हरिकेनवरच्या नऊ नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं असगर खान यांनी. १९६५ च्या वसंतात कच्छच्या रणात चकमकी झाल्या तेव्हा भारताच्या हवाई दलाचे प्रमुख होते अर्जन सिंग आणि पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख होते असगर खान. फाळणीत टेबलं, खुर्च्या, विमानं वाटली गेली. आठवणी कशा वाटणार? मला मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून कधी कधी कोणी विचारतं, की तुमचा इतिहास कोणता. मी म्हणतो, एकाच धावपट्टीवरून उडालेल्या या दोघांचा जो, तोच.

शेवटची नावडती आपल्या महाराष्ट्राच्या मुक्कामाला होती. तिचं नाव लिबरेटर, म्हणजे मुक्तिदाता. चार इंजिनांचं अवाढव्य अमेरिकन बॉम्बफेकी विमान. अठरा हजारांवर बनली, इतकं दुसरं कोणतंही अमेरिकन लष्करी विमान बनलं नाही. तरी कौतुक झालं ते तिच्या देखण्या बहिणीचं, ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’चं. चिडवणारे म्हणत, की लिबरेटर म्हणजे फोर्ट्रेस ज्या खोक्यात घालून पाठवतात ते खोकं. चालवायला जड, आत पेट्रोलचा वास, आणि बॉम्बच्या कप्प्यातून जायला वीतभर रुंदीची फळी.

युद्ध संपलं तेव्हा कानपूरला अशी पुष्कळ लिबरेटर उभी होती. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेली. परत न्यायची नसतील तर निकामी करायची, असा नियम. म्हणून ती पुन्हा उडू नयेत इतकी मोडतोड करून सोडून दिलेली. १९४८ मध्ये, नव्या देशाकडे जड बॉम्बफेकी विमानं नसताना, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्या भंगाराकडे पाहिलं. याचं इंजिन, त्याचं चाक, तिसऱ्याचा पंख, असं करत त्यांनी विमानं उडण्याजोगी केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत घेऊन गेले. धड नकाशा नाही, धड उपकरणं नाहीत. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी बेचाळीसच्या आसपास विमानं हवाई दलात आली. मुक्तिदात्याला भंगारातून मुक्त केलं ते नुकत्याच मुक्त झालेल्या देशाने.

त्यांतली सहा नंबरच्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याला लोहगावच्या तळावर होती. समुद्रावर टेहळणी करायला ती जात. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. जगभर इतर देशांनी आपापली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. त्यामुळे पुढे ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा ते त्यांना भारतातून न्यावं लागलं. ज्यांनी मोडून टाकलं, त्यांना ते दाखवायला मिळालं ते आपल्या फिटर लोकांच्या कृपेने.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कविसंमेलनानंतर एक वयस्कर गृहस्थ भेटले. हवाई दलात इंजिन फिटर होते, लिबरेटरवर काम केलेलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की विमान सुरू करण्याआधी काय करायचात. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून हवेतला पंखा ओढायला लागले. “आधी हातानं फिरवायचा. रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. तसंच बटण दाबलं तर इंजिन फुटतं. चारही पंखे, रोज सकाळी.” मग हसून म्हणाले, “म्हातारीला उठवताना सावकाश उठवायचं असतं.” त्यांच्या तळहातावरचे घट्टे तेव्हाही दिसत होते. अशा माणसाचं नाव कोणत्याही संग्रहालयातल्या पाटीवर नसतं.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मी वापिती पाहिली आहे, लायसँडर पाहिलं आहे, अंगणात उभं असलेलं लिबरेटरही पाहिलं आहे. व्हेंजन्स तिथे नाही. ती पाहायची तर ऑस्ट्रेलियाला जावं लागतं. भारतीय वैमानिकांनी जिच्यात बसून इम्फाळ राखायला मदत केली, तिचा एकही नमुना भारतात जपला गेला नाही. यंत्र गेलं ते गेलं. माणसांच्या बाबतीत अजून थोडं करता येण्यासारखं आहे.

आपल्या खानदेशात फौजेत गेलेल्यांची घरं गावोगावी आहेत. एखाद्या घरात माळ्यावर लोखंडी पेटी असेल. तिच्यात सेवामुक्तीचा कागद, एखादं पदक, गणवेशातला फोटो असेल. ‘आजोबा युद्धात होते’ एवढंच घरात माहीत असतं. कोणत्या तुकडीत, कोणत्या कामावर, कुठे, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद कसर लागण्याआधी उघडा. त्याची नक्कल करून ठेवा. नातवंडांना वाचून दाखवा. आजोबा फिटर असतील तर फिटर म्हणून लिहा, स्वयंपाकी असतील तर स्वयंपाकी म्हणून लिहा. त्यांच्या वाट्याला आलेलं विमान, मोटार किंवा तोफ जुनी, अडेल, कोणालाच नको असलेली असेल, तर तेही आवर्जून लिहा. ती तशी असतानाही त्यांनी ती चालवून दाखवली होती.